ईश्वराचा वाद आणि नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा

अशोक विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकाने मांडली जातात. दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून आलेली माणसे स्तूपापुढे नतमस्तक होतात आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. या पुस्तकांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ हमखास असतो. त्याच्या तिसऱ्या खंडात, 'धम्म काय नव्हे' हे सांगणाऱ्या भागात, ईश्वरावरील विश्वासाची चिकित्सा करणारे एक छोटे प्रकरण आहे. भारतीय तत्त्वज्ञानात सुमारे दीड हजार वर्षे चाललेल्या एका प्रदीर्घ वादाचा अर्क त्या थोड्या पानांत उतरला आहे, याची जाणीव मात्र फार थोड्या वाचकांना असते.

ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न सामान्यतः तत्त्वज्ञानाच्या वर्गात किंवा निवृत्तांच्या कट्ट्यावर चर्चिला जातो. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तो उघड्या मैदानावर आला. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतल्यानंतर बाबासाहेबांनी लाखोंच्या जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिल्या तीन प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती आदी देवतांना देव न मानण्याचा व त्यांची उपासना न करण्याचा निर्धार आहे. चौथीत अवतारकल्पना नाकारली आहे आणि पाचवीत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. 'ईश्वर नाही' असे विधान या प्रतिज्ञांत कोठेही नाही. 'मी मानणार नाही, मी पूजणार नाही' असे त्यांचे रूप आहे. विधान खरे किंवा खोटे ठरते. प्रतिज्ञा पाळली जाते किंवा मोडली जाते. तत्त्वज्ञ ज्याला ईश्वर म्हणतात, त्या जगत्कर्त्या, सर्वज्ञ, सर्वशक्तिमान तत्त्वाचे अस्तित्व प्रतिज्ञांनी सिद्ध वा असिद्ध केलेले नाही. ते काम ग्रंथाकडे सोपवलेले आहे. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५७ साली; बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी, दीक्षेनंतर अवघ्या आठ आठवड्यांत झाले होते. प्रतिज्ञा आधी आणि युक्तिवाद नंतर असा हा क्रम लागला.

कुंभार, घट आणि जग

ईश्वराच्या बाजूने भारतात जे युक्तिवाद झाले, त्यांत सर्वांत कसदार न्यायदर्शनाचे. मिथिलेचे उदयनाचार्य हे या परंपरेचे मोठे नाव. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी रचलेला 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच वाहिलेला आहे. ईश्वर मानावा कारण वेद तसे सांगतो, एवढ्यावर ते थांबत नाहीत. समोरचा बौद्ध वेद मानत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून ते अनुमानाचा आधार घेतात.

त्यांचा मुख्य युक्तिवाद सांगावयास सोपा आहे. घट हे कार्य आहे, म्हणजे तो कधीतरी निर्माण झालेला आहे; आणि घटाला कुंभार लागतो. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीदेखील अवयवांनी बनलेली, म्हणून कार्येच आहेत. तेव्हा त्यांनाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. असा कर्ता परमाणूंपासून सृष्टी रचणारा असल्याने तो सर्वज्ञच असणार. नैयायिकांचा ईश्वर शून्यातून जग घडवत नाही, हे येथे विसरता कामा नये. परमाणू आणि जीव त्याच्याइतकेच अनादी आहेत. तो माती निर्माण करणारा नव्हे, मातीला आकार देणारा आहे. सृष्टीची धारणा, शब्दांना अर्थ चिकटण्याचा व्यवहार, वेदांचे प्रामाण्य असे आणखीही अनेक हेतू उदयनाचार्यांनी मांडले आहेत.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका पंडितांत प्रसिद्ध आहे. ते पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेले असता देवळाचे दार बंद होते. तेव्हा त्यांनी देवालाच सुनावले, की आज ऐश्वर्याच्या मदात तू माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध चालून येतात तेव्हा तुझे अस्तित्व माझ्यावर अवलंबून असते. आख्यायिका खरी असो वा नसो, वाद किती अटीतटीचा होता हे तीवरून समजते.

युरोपातही याच धाटणीचे युक्तिवाद झाले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने पाच मार्ग मांडले, १८०२ साली विल्यम पेलीने घड्याळाचा दृष्टांत लोकप्रिय केला. माळरानावर सापडलेल्या घड्याळाला जसा कारागीर, तसा जगाला निर्माता, असे पेलीचे म्हणणे. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला आणि सजीवांच्या रचनेचा खुलासा कारागिराविना होऊ शकतो हे दिसू लागले. ईश्वराच्या केवळ व्याख्येतूनच त्याचे अस्तित्व काढू पाहणारा, अकराव्या शतकातील अॅन्सेल्मचा युक्तिवाद मात्र आपल्याकडे फारसा रुजला नाही. भारतीय तार्किकाला दृष्टांत लागतो. स्वयंपाकघर आणि धूर, कुंभार आणि घट, असे काहीतरी डोळ्यांपुढे असल्याशिवाय त्याचे अनुमान पुढे सरकत नाही.

वारूळ कोणी बांधले?

कुंभाराच्या दृष्टांतावर सर्वांत मार्मिक आघात केला तो सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी. उदयनाचार्यांच्याही पूर्वी नैयायिक हा दृष्टांत देत आले होते. धर्मकीर्तींचे उत्तर असे, की घट हा मातीचा विकार आहे म्हणून तो कुंभाराने केला. वारूळ हाही मातीचाच विकार आहे, मग तेही कुंभाराने केले म्हणायचे काय? घट पाहून आपण कुंभाराचे अनुमान करतो, कारण कुंभाराला घट घडवताना आपण पाहिलेले असते. 'रचना' किंवा 'कार्य' हा एकच शब्द घटालाही लावला आणि डोंगरालाही लावला, एवढ्याने दोन्ही वस्तू एका जातीच्या होत नाहीत. शब्द सारखा असणे आणि वस्तू सारखी असणे यांत फरक आहे.

डेव्हिड ह्यूमचे धर्मविषयक संवाद १७७९ साली प्रसिद्ध झाले. घरे बांधली जाताना आपण पाहतो, जगे बांधली जाताना नाही, हा त्याचा मुद्दा धर्मकीर्तींच्या जवळ जातो. ह्यूमने पुढे असेही विचारले, की जहाज बांधायला पुष्कळ माणसे लागतात, मग जग बांधणारे देव पुष्कळ का नसावेत? दोघांत अकराशे वर्षांचे अंतर आहे आणि एकाने दुसऱ्याचे काही वाचलेले असण्याचा संभव नाही.

निर्माता नाकारणारे केवळ बौद्ध होते, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. वेदांचे कट्टर अभिमानी असलेल्या मीमांसकांनीही जगत्कर्ता मानलेला नाही. कुमारिल भट्टांनी विचारले, सृष्टीपूर्वी शरीरच नव्हते तर त्याला इच्छा तरी कोठून झाली? करुणेने त्याने जग निर्माण केले म्हणावे, तर ज्यांची करुणा यावी असे दुःखी जीव तेव्हा होतेच कोठे? आणि करुणाच असती तर त्याने केवळ सुखी जीव निर्माण केले असते. सांख्यांच्या मूळ मांडणीलाही ईश्वराची गरज नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, जैन आचार्य जिनसेन यांनी महापुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची तिखट चिकित्सा केली आहे. त्या राजवटीची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. आपल्याकडे 'आस्तिक' या शब्दाचा शास्त्रीय अर्थ वेद मानणारा असा आहे, ईश्वर मानणारा असा नव्हे. 'सगळे हिंदू दर्शनकार ईश्वरवादी आणि नास्तिक तेवढे परके' हे व्यासपीठावर वारंवार ऐकू येणारे विधान इतिहासाला धरून नाही.

विषमतेचा आरोप

येथवरचा वाद तर्काचा आहे, आणि तर्कात प्रत्येक घावाला प्रतिघाव असतो. नागपूरच्या घटनेशी ज्याचा खरा संबंध पोहोचतो, तो मुद्दा निराळा आहे. जग ईश्वराने केले असेल तर ते असे का?

हा प्रश्न बौद्धांनी फार पूर्वी विचारला. भूरिदत्त जातकात सृष्टिकर्त्यावर सरळ अन्यायाचा ठपका ठेवला आहे: तो सर्वांचा स्वामी आहे तर जग दुःखी का, सुव्यवस्थित का नाही? वेदांत्यांनीही हा आक्षेप टाळला नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य' या दोन शब्दांत नोंदवलेला आहे. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयता. कोणी राजाच्या घरी जन्मतो, कोणी उकिरड्याशेजारी. तेव्हा ईश्वर एकतर पक्षपाती किंवा निर्दय ठरतो.

यावरचे सूत्रकारांचे आणि शंकराचार्यांचे उत्तर कुशल आहे. ईश्वर मनमानीने फळ देत नाही, जीवाच्या कर्माप्रमाणे देतो. शंकराचार्यांनी पावसाचा दृष्टांत दिला आहे. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो. एकातून भात व दुसऱ्यातून जव उगवतो तो ज्याच्या त्याच्या बीजामुळे. विदर्भातला शेतकरी भाताच्या जागी कपाशी आणि तूर ठेवील, एवढेच. पण पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कोठले, असे विचारले तर उत्तर येते, की पहिली सृष्टी नाहीच. संसार अनादी आहे.

युरोपला असे उत्तर उपलब्ध नव्हते. १७५५ साली लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले तेव्हा तेथील विचारवंत हादरले. हे जग शक्य असलेल्या जगांतील सर्वोत्तम आहे, असे लायब्निझने १७१० साली लिहिले होते. व्हॉल्तेअरने त्याची टर उडवली. पूर्वजन्म मानणाऱ्याला हा धक्का बसत नाही, त्याच्या हिशेबात प्रत्येक दुःखाची मागची नोंद असते.

याच ठिकाणी एक तार्किक अडचण उभी राहते. फळ कर्मच ठरवत असेल तर ईश्वराचे काम काय उरले? मीमांसक म्हणतात, काहीच नाही. उदयनाचार्य म्हणतात, कर्माचे अदृष्ट हे अचेतन आहे, त्याला वापरणारा कोणी चेतन लागतोच, जशी कुऱ्हाडीला लाकूडतोड्याची गरज असते. वाचकाने कोणाचीही बाजू घ्यावी. पण तर्काची अडचण बाजूला ठेवली तरी समाजाची अडचण उरते, आणि ती पंडितांच्या सभेत सहसा बोलली गेली नाही. वैषम्याचा दोष ईश्वराकडून निघाला तो नाहीसा झाला नाही. तो जन्माने खाली ठरलेल्या माणसाच्या माथी आला. त्याला पाणवठ्यावर येऊ दिले जात नाही याला ईश्वर जबाबदार नाही, गावही जबाबदार नाही. त्याचे मागच्या जन्मीचे कर्म जबाबदार. ईश्वराला निर्दोष ठरवणारा युक्तिवाद गावालाही आपोआप निर्दोष ठरवून गेला.

दीक्षाभूमीवर १९५६ साली जमलेल्या माणसांनी 'न्यायकुसुमांजली' वाचली नव्हती. पण हे उत्तर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले होते.

आंबेडकरांनी काय उचलले, काय सोडले

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधील ईश्वरविषयक प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याची मांडणी उलगडते. त्यात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा बुद्धाशी संवाद आहे. ब्रह्माशी सायुज्य साधण्याचा खरा मार्ग कोणता, यावर त्यांचा वाद चाललेला असतो. बुद्ध विचारतो, ज्या आचार्यांचा तुम्ही हवाला देता, त्यांपैकी कोणी ब्रह्माला पाहिले आहे काय? कोणीच पाहिलेले नसते. पुढे प्रश्नांची मालिका येते. ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर माणसाच्या प्रयत्नाला अर्थ काय? तो कल्याणकारी असेल तर माणसे खुनी आणि चोर का होतात? तो न्यायी असेल तर अन्याय का चालतो? त्याने जग कशापासून केले: आधी काही होते तर तो त्याचा कर्ता नव्हे, काहीच नव्हते तर शून्यातून काही निघते कसे?

या संवादाचे मूळ दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात आहे. तुलना केली असता एक फरक जाणवतो, तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. पाली सुत्तात बुद्ध ब्राह्मणांच्या दाव्याची चिरफाड करतो खरा, पण शेवटी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना हाच ब्रह्मसहवासाचा मार्ग म्हणून शिकवतो. ब्रह्मा मुळी नाहीच, असे तो तेथे म्हणत नाही. ब्रह्मजाल सुत्तात तर ब्रह्मा हा आपणच जगाचे निर्माते आहोत असा गैरसमज करून घेतलेला एक जीव म्हणून येतो. निर्मात्याची ही थट्टा आजही हसू आणणारी आहे. आंबेडकरांच्या मांडणीत त्या सुत्तातील नर्मविनोद कमी होऊन युक्तिवादाची धार वाढली आहे.

'बुद्ध ईश्वराविषयी मौन पाळून होता' हे वाक्यही पारखून घेतलेले बरे. बुद्धाने उत्तर द्यायचे नाकारलेले म्हणून जे दहा प्रश्न पाली ग्रंथांत येतात, ते जग शाश्वत आहे का, त्याला अंत आहे का, जीव आणि शरीर एक की भिन्न, तथागत मरणानंतर असतो का, अशा स्वरूपाचे आहेत. ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न त्या यादीत नाही.

प्रकरणाचा रोख मात्र अस्तित्वावर फार वेळ थांबत नाही. ईश्वरावरील विश्वासातून प्रार्थना येते, प्रार्थनेतून पुरोहित येतो आणि पुरोहित सम्यक दृष्टी नष्ट करतो, अशी त्यातील साखळी आहे. धर्माचा केंद्रबिंदू माणसाचे ईश्वराशी असलेले नाते हा नसून माणसाचे माणसाशी असलेले नाते हा आहे, हा त्याचा निष्कर्ष. प्रतिज्ञांचा क्रमही तेच दाखवतो. देवता आणि अवतार यांना नकार दिल्यानंतर नवव्या व दहाव्या प्रतिज्ञेत सर्व माणसे समान असल्याचा स्वीकार आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न येतो. त्यानंतर अष्टांगिक मार्ग, पारमिता, चोरी न करणे, खोटे न बोलणे, मद्य न पिणे. आणि ज्या उत्तराने ईश्वर सुटला होता, त्या पूर्वकर्माच्या सिद्धांतालाही ग्रंथात थेट नकार आहे. दरिद्री आणि पददलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, अशा आशयाचे मत तेथे नोंदवले आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

या मांडणीवर आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. एखाद्या विश्वासाचे परिणाम वाईट झाले, म्हणून तो विश्वास खोटा ठरत नाही. पुरोहिताने गैरफायदा घेतला तरी ईश्वर असू शकतो. अस्तित्वाचा प्रश्न पुराव्याने सुटावयास हवा, परिणामांनी नव्हे.

गंमत अशी, की हा आक्षेप ईश्वरवाद्याइतकाच काटेकोर विवेकवादीही घेईल. अशा विवेकवादाचे एक पीठ नागपुरातच होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी एप्रिल १९९० मध्ये येथून जे मासिक सुरू केले, ते 'आजचा सुधारक' या नावाने ओळखले गेले. आगरकरांच्या १८८८ सालच्या 'सुधारक'चे नाव त्यात मुद्दाम जपलेले होते. आगरकरांनी 'देवतोत्पत्ति' या निबंधात देवकल्पना माणसाच्या मनात कशी उपजली याचा शोध घेतला होता. या परंपरेची अट साधी आहे: पुरेसा पुरावा नसेल तर विधान स्वीकारू नये आणि पुराव्याचा भार 'आहे' म्हणणाऱ्यावर. तिला समाजहिताचे वावडे नाही, पण समाजहित हा पुरावा नव्हे, हे ती विसरू देत नाही. आंबेडकरांच्या बाजूने यावर म्हणता येईल, की त्यांचा प्रश्नच वेगळा होता. ईश्वर आहे काय, यापेक्षा धम्माला ईश्वर लागतो काय, हे त्यांना ठरवायचे होते. आणि त्या प्रश्नात परिणामांचा विचार गैरलागू नाही.

भक्तिमार्गाचे उत्तर आणखी तिसरेच. विदर्भाच्याच मातीतील महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानले. देवता मोक्ष देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांची उपासना नको, केवळ परमेश्वराला शरण जावे, असे तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींचे तत्त्वज्ञान. असंख्य देवतांना बाजूला सारूनही ईश्वरवादी राहता येते, याचे हे अस्सल मराठी उदाहरण आहे. विसाव्या शतकात तुकडोजी महाराजांनी ग्रामसेवेलाच ईश्वरसेवा मानले. त्यांचे नाव नागपूर विद्यापीठाला २००५ साली देण्यात आले. भक्ताच्या दृष्टीने ईश्वर हा अनुमानाचा निष्कर्ष नसतोच. त्यामुळे धर्मकीर्तींचे वारूळ त्याला लागत नाही. पण वैषम्याचा प्रश्न त्यालाही चुकवता येत नाही.

बौद्धांच्या बाजूलाही एक गाठ सुटायची राहिली आहे. आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा आणि कर्म कोणाला चिकटते? बाबासाहेबांनी ही अडचण लपवली नाही. ग्रंथाच्या प्रस्तावनेत बौद्ध धम्माच्या अभ्यासकांपुढील चार प्रश्न त्यांनी मांडले आहेत आणि त्यांत हा एक आहे. माणूस मरतो तेव्हा त्याच्या शरीरातील भौतिक घटक आणि ऊर्जा विश्वातील साठ्यात मिसळतात, त्या अर्थाने पुनर्जन्म आहे, तोच जीव पुन्हा येतो या अर्थाने नाही, असे उत्तर पुढे ग्रंथात दिले आहे. जुन्या बौद्ध परंपरेतील अनेकांना ते मान्य नाही. प्रस्तावनेत मात्र त्यांनी वाचकांना या प्रश्नांच्या उकलीत आपलीही भर घालावी, असे आवाहन करून ठेवले आहे.